गळांची पेटी आणि चव्वेचाळीसचा आकडा

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, आणि खरं सांगायचं तर औषधांसाठी माझा जन्मच झाला नव्हता. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या तळ्यांवर मासे धरणाऱ्यांचे गळ आणि दोरे ठेवायला माझ्या पोटात लहानलहान कप्पे पाडले होते. पण दुकानातून मला उचललं ते डेलने. तो इस्पितळाच्या आणीबाणी विभागातला फार्मासिस्ट. त्याने माझ्या कप्प्यांत औषधांच्या कुप्या आणि सिरिंजा रचल्या. वरच्या कप्प्यात एक रंगीत पट्टी गुंडाळून ठेवली. रोगी लहान मूल असलं, की डोक्यापासून ती शेजारी अंथरायची. टाच ज्या रंगावर येईल तो रंग वजनाचा अंदाज सांगतो.

तेव्हा माझा काय तोरा होता! कुणाचा श्वास अडला, की आधी माझ्याच नावाने ओरडा व्हायचा. मग भिंतीत संगणकाचं कपाट आलं. पडद्यावर रोग्याचं नाव निवडलं, की हवा तो खण आपोआप उघडे. मला हात धुण्याच्या बेसिनखाली सरकवलं. येताजाता कुणाचा तरी पाय लागे. डेल तेवढा न चुकता येऊन मुदत संपलेल्या कुप्या बदलायचा, म्हणून मी तग धरून होते.

त्या वर्षी कलिया व्हांग शिकायला आली. औषधशास्त्राची पदवी झालेली, इस्पितळातलं पहिलं वर्ष पार पडलेलं. आता फक्त आणीबाणीचं काम शिकायचं दुसरं वर्ष. रेसिडेन्सी म्हणतात त्याला. हे काम रोग्याच्या उशाशी उभं राहूनच शिकावं लागतं. डेलची रीत ठरलेली. शिकणारा पुढे, आणि तो मागे, दोन्ही हात खिशात घालून.

"हात खिशात आहेत तोवर काम तुझं," तो कलियाला म्हणाला. "बाहेर आले, की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा माझ्या मागे उभं राहायचं."

"आणि हाताला खाज सुटली तर?"

"सोसेन. तू सिरिंज देण्याआधी औषध, मात्रा आणि वजन मोठ्याने म्हण. तेही रोग्याकडे बघून. मग माझी खाज माझ्यापाशी."

एका दुपारी ॲम्ब्युलन्समधून हेझल नावाची मुलगी आली. न्युमोनियाने तिचा जीव मेटाकुटीला आला होता. ओठ निळे, रक्तदाब आधीच उतरलेला. श्वासनलिकेत नळी घालायची, आणि त्याआधी भूल द्यायची. ते औषध बेताचं हवं. दुप्पट गेलं तर उरलासुरला रक्तदाबही कोसळतो. कलिया कपाटाकडे धावली, पण हेझलचं नाव अजून संगणकावर चढलं नव्हतं. कपाट ढिम्म.

"पेटी!" कलिया ओरडली, आणि मला बेसिनखालून ओढून तिने हेझलच्या पायाशी ठेवलं.

"वजन?" डॉक्टर रूनींनी विचारलं.

"चव्वेचाळीस," हेझलची आई रडत म्हणाली.

"चव्वेचाळीस किलो. कलिया, भर लवकर!"

कलियाने मान खाली घालून हिशेब केला, कुपी उचलली, तिच्या बुचात सुई टोचली. मला मात्र समोर हेझलचे पाय दिसत होते. निळे मोजे घातलेले ते पाय पलंगाच्या निम्म्यातच संपत होते. चव्वेचाळीस किलोचं मूल एवढंसं असतं का? माझा जीव नुसता तडफडत होता. पेटीला तोंड असतं, मित्रांनो, पण ते बोलायला नसतं.

सिरिंज भरली. डेलचा चेहरा पांढरा पडला होता. त्याचे हात खिशातून मनगटांपर्यंत वर आले.

"दे इकडे!" डॉक्टरांनी हात पुढे केला.

कलियाने हेझलकडे पाहिलं. औषधाचं नाव म्हटलं. मात्रा म्हटली. "वजन चव्वेचाळीस कि..." आणि तिची जीभ अडखळली.

"थांबा!"

"आता थांबू? तिचा श्वास बघ!"

"ताई, पौंड की किलो?"

"पौंड! पौंडच ना! आमच्या घरात किलो कोण म्हणतं?"

कलियाने माझ्या वरच्या कप्प्यातली पट्टी झटकन खेचली आणि हेझलच्या शेजारी अंथरली. टाच वीस किलोच्या रंगावर आली; चव्वेचाळीस पौंड म्हणजे तेवढेच. भरलेली सिरिंज तिने बाजूला टाकली, नवी घेतली, आणि हेझलकडे बघून तिन्ही गोष्टी पुन्हा मोठ्याने म्हटल्या. डॉक्टरांनी औषध दिलं. नळी गेली. हेझलचे ओठ हळूहळू गुलाबी झाले, आणि आईने पलंगाच्या दांडीवर डोकं टेकलं.

मागे पाहायला कलिया धजत नव्हती. "तुमचे हात?" तिने कसंबसं विचारलं.

"खिशातच आहेत," डेल म्हणाला. "पण ते मागे ढकलताना कोटाचा खिसा फाटला. तो तू शिवून द्यायचा."

मग ती हसली, आणि हसताहसता रडलीसुद्धा. घरी जाण्याआधी तिने ती पट्टी पुसून, गुंडाळून माझ्या वरच्या कप्प्यात ठेवली आणि रिकामा कप्पा भरला. आता मी बेसिनखाली नाही, पलंगाजवळच्या फळीवर असते.

मित्रांनो, कपाटं नवी येवोत, त्यांचा मला राग नाही. पण जुन्या पेटीतल्या कुप्यांची मुदत बघत जा आणि वापरलेली वस्तू लगेच पुन्हा भरत जा. आणि कुणी नुसता आकडा सांगितला, तर औषध भरण्याआधी मान वर करा. समोर निळे मोजे घातलेलं कुणीतरी पडलेलं असतं.