मांजरीची सोय

वाल्मिकने मांजरीच्या अंगाखालचं गोणपाट हळूच ओढून घेतलं, बाहेरच्या खोलीत नेऊन टायगर कुत्र्याच्या नाकापुढे धरलं आणि दुसऱ्या हातात बिस्किटाचा तुकडा तयार ठेवला. टायगरने गोणपाट हुंगलं. मानेवरचे केस ताठ झाले. मग त्याचं लक्ष बिस्किटाकडे गेलं आणि त्याने वैर तात्पुरतं स्थगित केलं.

"खाल्लं?" स्वयंपाकघरातून दिपालीने विचारलं.

"खाल्लं. पण गुरगुरत खाल्लं."

"म्हणजे तुमच्यासारखंच."

वाल्मिकने बायकोचं बोलणं कानाआड केलं आणि आतल्या खोलीच्या दाराची कडी चाचपली. ती लागलेलीच होती. तरी त्याने ती काढून पुन्हा लावली. आत मांजर होती. खोली खरं तर आत्यासाठी रिकामी केलेली होती.

आत्या, म्हणजे सुंदरा, मुरबाडकडच्या म्हसा गावाजवळ एका खेड्यात एकटी राहायची. वाल्मिक रांगत होता तेव्हा त्याची आई गेली. नवरा वारून माहेरी आलेल्या या आत्याने त्याला वाढवलं, दुसऱ्यांच्या शेतांत लावणीला जाऊन शिकवलं. वाल्मिक वाशिंदच्या एका कारखान्यात चिकटला, लग्न झालं, स्टेशनपलीकडच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर घर झालं. रात्रपाळीला दिपाली एकटी असायची, म्हणून टायगर आला. सगळं आलं, फक्त आत्या आली नाही. आणि गावाने ते बरोबर लक्षात ठेवलं.

मागच्या पौषात म्हशाच्या जत्रेतल्या बैलबाजारात तर हद्द झाली. चुलता रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं दाबत बैलाचा सौदा करत होता. भाव ठरवता ठरवता, मान न वळवता, सगळ्या भावकीदेखत म्हणाला, "बैल म्हातारा झाला तरी आमी दावनीलाच ठेवतो रे वाल्मिक."

तेव्हापासून वाल्मिकला बसल्या जागी सुख नव्हतं. जेवताना उठायचा, झोपेतून उठायचा, पाळी संपायच्या आधीच मनाने घरी पोचायचा. पौष पुन्हा तोंडावर आला होता. जत्रेच्या आत आत्या वाशिंदला दिसायला हवी होती.

आत्याची अडचण एकच होती.

"मी निघेन रे हितनं. पन ह्या मांजरीला कुठं टाकू? तुझ्याकडं तो वाघ."

तेव्हा वाल्मिकनेच तोडगा काढला होता. आधी मांजरीला न्यायचं. तिचं आणि टायगरचं जमलं की मग आत्याला. आत्या इतक्या चटकन हो म्हणाली की त्याला भरून आलं. तिने मांजरीला गोणीत घातलं, वाट कळू नये म्हणून तिचं तोंड आवळून बांधलं आणि गोणी त्याच्या हातात दिली.

पुढचा सल्ला शहापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात मिळाला. डॉक्टर तेव्हा एका म्हशीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते. हात न काढता ते म्हणाले, "आधी वास. मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण. मग फटीतून दर्शन. कुत्रा साखळीला हवा, मांजरीला चढायला उंच जागा हवी. कुत्र्याने तिच्याकडे बघून नजर काढून घेतली, की लगेच खाऊ. मारायचं नाही, ओरडायचं नाही."

"किती दिवस लागतील?"

"ते त्यांना ठाऊक."

कुत्र्यामांजराचं वैर जगजाहीर आहे. त्यावर कुत्र्याचं आणि मांजरीचं म्हणणं मात्र कुणी विचारलेलं नाही. वाल्मिक कारखान्यात युनियनच्या कमिटीवर होता. दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवण्याचा त्याला अनुभव होता, यश नव्हतं. पण तिथे खिशात बिस्किटं नेण्याचं कधी सुचलं नव्हतं.

दाराच्या अलीकडे टायगरची थाळी, पलीकडे मांजरीची वाटी. रोज दोन्ही भांडी दाराच्या थोडी जवळ सरकायची. फट बोटभर झाली त्या दिवशी मांजरीने पंजा बाहेर काढून टायगरचं नाक फाडलं आणि वाल्मिकने पुन्हा गोणपाटापासून सुरुवात केली. नाकाला हळद लावून टायगर कोपऱ्यात बसला. त्याच्या चेहऱ्यावर, आपण कुणाचं काय बिघडवलं, असा भाव होता. वाल्मिकचाही चेहरा हल्ली तसाच असायचा.

आठवड्यातून एकदा तो नाक्यावरून गावच्या गोजरच्या दुकानात फोन लावायचा. गोजर कुणाला तरी धाडून आत्याला बोलावून घ्यायचा. आत्याबरोबर तिची मैत्रीण ठकीही यायची. ठकी डोंगराखालच्या ठाकूरवाडीतली, आदिवासी. लावणीच्या एकाच ओळीत दोघींनी निम्मं आयुष्य वाकून काढलं होतं.

"आत्याला नेतोस का मांजर पाळतोस रे?" गोजर आधी स्वतःचा टोला मारून घ्यायचा, मग फोन आत्याला द्यायचा.

"खाते का नीट?" आत्या विचारायची.

"खाते. सुकट नि भात."

"निजते कुठं?"

"तुझ्याच खोलीत. खिडकीपाशी."

"दिपाली हुसकत नाय ना?"

"नाय गो. मांडीवर घेते."

वाल्मिकला ही भाषा कळत होती. माणसाला स्वतःसाठी विचारायची लाज वाटली की ते मांजरीला पुढे करतं. म्हणून तोही उत्तरात दोन गोष्टी जास्तीच्या घालायचा. खोलीत सकाळचं ऊन येतं. शेजारच्या बाया चांगल्या आहेत. एकदा तर त्याने, संडास घरातच आहे, असंही सांगून टाकलं.

"मांजरीला काय करायचाय?" आत्या म्हणाली.

मग एका दुपारी, पाळीहून येऊन तो चपला काढत होता, तेव्हा दिपालीने ओठांवर बोट ठेवून त्याला आत बोलावलं. टायगर उन्हात आडवा पसरला होता. साखळी दिपालीने कधीच काढली होती. मांजर त्याच्या पाठीला पाठ लावून पंजा चाटत होती. टायगरने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं, तो मिटला, आणि बिस्किट मागितलंदेखील नाही.

वाल्मिक चपला पुन्हा पायात सरकवून नाक्यावर धावला.

"जमलं आते! पाठीला पाठ लावून निजलीत."

"खरंच?" आत्याचा आवाज भिजला. "माझ्या डोक्यावरचा भार गेला रे पोरा. रविवारी गाडी घेऊन ये. सामान हाय."

रविवारी तो टेम्पो घेऊन गेला. अंगणात ट्रंक, वळकटी आणि पाटा-वरवंटा मांडून ठेवलेला. ठकी पायरीवर बसून भांड्यांचं बोचकं बांधत होती.

"आते, भांडी कशाला? तिकडं ढीगभर हायेत."

"कुठं हायेत? ठकीकडं दोनच टोप."

वाल्मिकने उचललेली ट्रंक खाली ठेवली.

"ठकीकडं?"

"मंग कुठं?" ठकी गाठ आवळत म्हणाली. "माज्या कोंबड्या हायेत. हिला कवापासून सांगतंय ये म्हनून. पन मांजर आनशील तर दारात उभी करनार नाय, येक पिल्लू ठेवायची नाय ती."

आत्याने पदराने वाल्मिकच्या कपाळाचा घाम पुसला, तो तिसरीत असताना पुसायची तसाच.

"तिची सोय लागंना, म्हनून अडकले होते रे. तू लय केलास तिच्यासाठी."

"पन मी खोली... मी खोली रिकामी केली ना गो."

"मंग? तिला नको का जागा?"

तो अंगणात इकडून तिकडे फिरू लागला. दोनदा पाट्याला ठेचकाळला.

"अगो पन ठाकूरवाडीत जाऊन राहनार? भावकी काय म्हनंल? परवा जत्रा हाय. मला तोंड दाखवायला जागा ठेवशील का नाय?"

आत्या ट्रंकेवर टेकली.

"तू पाळीला जानार, दिपाली शिलाईच्या क्लासला. मी दिवसभर कोनाशी बोलू? हितं ठकी हाय. सकाळपासून भांडतो आमी. तेवढाच दिवस जातो." मग आवाज उतरवून म्हणाली, "लोकांना वाशिंदला नेली सांग. मी नाय म्हननार नाय. आता मुरबाडच्या रस्त्याला घे गाडी, सगळ्यांना दिसूदे. पुढून फिरून येऊ वाडीवर. ठकी चालत जाईल."

"जाईन की," ठकी म्हणाली. "मला कुठं मिरवायचाय."

टेम्पो निघाला. पुढे ड्रायव्हर, मध्ये आत्या, कडेला वाल्मिक. रस्ता जिथे फुटतो तिथेच गोजरचं दुकान. डावीकडे मुरबाडवरून वाशिंद, उजवीकडे ठाकूरवाडी. रविवार म्हणून बाकड्यावर माणसं होती, चुलताही होता. गोजर दुकानातून बाहेर आला आणि त्याने ट्रंकेवर थाप मारली.

"नेलीस रे बाबा शेवटी! पोर असावा तर असा."

चुलत्याने मान हलवली. वर्षभर वाल्मिक ज्या मान हलवण्यासाठी तळमळत होता, ती हीच.

"नेतो ना," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझ्यासाठी गाडी केलीन त्याने."

तिने समोर पाहिलं. चेहरा अगदी वाशिंदला निघालेल्या बाईसारखा होता. फक्त मांडीवरच्या बोचक्याची गाठ ती उगाच सोडत होती, बांधत होती.

ड्रायव्हरने गियर टाकला आणि डावीकडे वळायला लागला.

"थांब," वाल्मिक म्हणाला. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं. ठकी रस्त्याच्या कडेने अनवाणी येत होती. कुणी ओळखू नये म्हणून पदर कपाळावर ओढून घेतलेली.

"ठकीमावशे!" त्याने हाक मारली, बाकड्यापर्यंत सहज पोचेल अशी. "मागं चढ. वाडीवर जायाचाय तर चालत कशाला?"

मग ड्रायव्हरला म्हणाला, "उजवीकडं घे."