गप्प पडलेल्याकडे आधी

"आई गं! मेले, मेले!"

उकळतं पाणी हातावर सांडलं तशी थोरलीनं असा काही टाहो फोडला, की शेजारीण धावत दारात आली. आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला, अगदी थंड.

"मेलेली माणसं ओरडत नाहीत. हात नळाखाली धर."

"ऐकलंत?" थोरली शेजारणीला म्हणाली. "माझी साठी आली, तरी हिचं आपलं तेच!"

आजी ही थोरलीची आई. नातवंडं झाली आणि ती साऱ्या घरादाराची आजी होऊन बसली. तरुणपणी ती लष्करात नर्स होती. आघाडीमागच्या तंबूपाशी जखमींच्या गाड्या येऊन थांबत, आणि आत आधी कुणाला न्यायचं ते ती ठरवी. तिथला नियम साधा होता. ओरडतोय त्याच्यात अजून धुगधुगी आहे. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी धाव.

नोकरी सुटली, नियम काही सुटला नाही. आजीनं संसारही त्याच हिशेबानं केला. धाकटा मुलगा मुखदुर्बळ; तो जरा कोपऱ्यात बसला की हिचा जीव टांगणीला. थोरलीचा गळा मात्र जन्मापासून मोठा. ती झाडावरून पडली, तापानं फणफणली, सासरहून रडत आली, तरी आजी म्हणे, "हिचं ठीक आहे." डोंबलाचं ठीक! आईनं एकदाच, हातातलं सगळं टाकून, आधी आपल्याकडे यावं, एवढंच थोरलीला हवं होतं. नवऱ्यामागं तिनं आजीला स्वतःकडे आणलं, धाकटा तिला ठेवायला तयार असतानाही आणलं, ते त्याच आशेनं.

त्या संध्याकाळी हाताला मलम लावता लावता ती बोलून गेली. "आई, मी तुझी नावडती होते का गं?"

आजीनं मलमाच्या डबीचं झाकण लावलं.

"तिकडं तंबूपाशी एक पोरगा आईच्या नावानं हंबरडा फोडत होता," ती म्हणाली. "मला राहवलं नाही. नियम मोडून त्याच्याकडे आधी गेले. कडेला दुसरा एक पडला होता. मला वाटलं, झोपलाय."

"मग?"

"मग काय? झोपला नव्हता." आजीनं पदरानं तोंड पुसलं. "घरात तुझा आवाज चालू असला ना, की मला सुटल्यासारखं व्हायचं. वाटायचं, हिची तरी काळजी नाही."

थोरलीला भडभडून आलं. "अगं, मग तसं कधीतरी सांगायचंस ना!"

"तू बोलू दिलंस कधी?"

दोघी हसल्या. हसता हसता थोरली रडलीही, आणि आजीनं तिला रडू दिलं.

पुढं थंडीत आजीची छाती भरली. दवाखान्यात नेलं. दुपारी शेजारच्या खाटेवर पाय मोडलेली एक बाई आणली, आणि तिच्या किंकाळ्यांनी सगळा वॉर्ड दणाणून गेला. होत्या नव्हत्या त्या साऱ्या नर्स तिकडे धावल्या. थोरलीनं आजीकडे पाहिलं. आजीचे डोळे मिटलेले, ओठ काळेनिळे.

"सिस्टर, इकडे या!"

"थांबा हो बाई, या आजी शांत पडल्यात."

"शांत पडलीय म्हणूनच बोलावतेय ना!"

कुणी वळेना. तेव्हा थोरलीनं, जन्मभर ज्या गळ्यानं तिचं काही भलं केलं नव्हतं, तो सगळा गळा पणाला लावला. "आधी इकडे! माझ्या आईकडे आधी!" किंचाळणारी बाईसुद्धा दचकून गप्प झाली. डॉक्टर धावत आला. त्यानं छाती दाबली, नळी घातली, सुई दिली. करायचं ते सगळं केलं, पण उशीर झाला होता.

संध्याकाळी धाकटा आला. जन्माचा अबोल माणूस तो, पण आईचा चेहरा पाहिला आणि भिंतीवर डोकं आपटून गुरासारखा ओरडायला लागला. सगळे नातेवाईक त्याच्याभोवती जमले. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला.

थोरली बाहेरच्या बाकावर बसली होती. भाजल्याचा वण असलेला हात मांडीवर, नजर फरशीवर, तोंडातून अवाक्षर नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"थोरलीनं मात्र धीरानं घेतलं हो," असं म्हणून ते आत धाकट्याकडे गेले.