करंगळीची ठेच

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि ते लाडाने कमी, वैतागाने जास्त. चहा उभ्याने प्यायची, चपला चालता चालता घालायची, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी. चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायचं काम करायची. तिथे मालक मागे उभा असे, म्हणून हात जपून चालत.

इलेक्ट्रिक गिटार तर तिला वेगासाठीच हवी होती. दादाच्या बँडमध्ये दादा ड्रमवर, ही गिटारवर. शनिवारच्या कार्यक्रमात तिने स्वतः रचलेला सोलो, म्हणजे एकटीने वाजवायचा तुकडा, होता. पण त्यात एका तारेवरून दुसरीवर उडी मारताना करंगळी उशिरा पोचे आणि सुरांचा गुंता होई. दर तालमीत नेमकी तिथेच ठेच.

शेवटी दादा तोंडावर बोलला, "शनिवारपर्यंत स्वच्छ आला नाही तर सोलो कीबोर्डवाल्याला. बहीण असलीस तरी."

"माझा सोलो? त्याला?"

"तो निदान सगळे सूर वाजवतो."

हे तिला मिरचीसारखं झोंबलं. घरी आल्यापासून ती वाजवत सुटली. सुरुवातीपासून, पूर्ण वेगात, ठेच. पुन्हा सुरुवातीपासून, पुन्हा ठेच. गिटारच्या ॲम्पची, म्हणजे स्पीकरची, घरघर वाढवली की चूक झाकली जाते असा तिचा समज होता, म्हणून तीही वाढवली. शेजारी भिंतीवर ठोकू लागले, तेही बेताल. मनगट भरून आलं तरी ही थांबेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी प्यायला ती स्वयंपाकघरात गेली. आई मटार सोलत गुणगुणत होती, आणि चक्क हिचाच सोलो! भिंगरीला गुदगुल्या झाल्या. मग आई त्या जागेवर आली आणि "ता-रा-री-ट्क-रा" असं मनापासून अडखळून पुढे गेली.

"आई, हे मधलं 'ट्क' काय आहे?"

"तुझंच की! रोज येतं तिथे. मला तर तेच आवडतं."

भिंगरीने ग्लास तसाच ओट्यावर ठेवला. म्हणजे इतके दिवस ती चूकच घोटत होती, आणि अशी घोटली की घराला पाठ झाली. हात बसला होता खरा, पण चुकीवर.

तिने ॲम्पची घरघर बंद केली. ठेचेच्या अलीकडचे दोन नि पलीकडचे दोन, एवढेच सूर घेतले. मोबाइलवर ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमची टकटक लावली, गुडघे दुखणारं माणूस जिना चढतं तितकी सावकाश. जीव जाईल असं वाटलं. पाय आपोआप हलू लागला, मान खाजली, दोनदा ती उठून खिडकीशी जाऊनही आली. पण इतक्या हळू वाजवताना पहिल्यांदाच दिसलं, की करंगळी आधीच्या सुरालाच तारेपासून लांब उडते आणि परत यायला तिला वेळ पुरत नाही. बाईसाहेब फिरायला जात होत्या! मग तिला तारेलगत ठेवायची, चुकलं की तिथेच थांबायचं, आणि सूर स्वच्छ आल्याशिवाय टकटक वाढवायची नाही, असं भिंगरीने दातओठ खाऊन चालवलं. दुकानातही टेबलाखाली बोटं चालूच.

शनिवारी ती जागा आली आणि गेली. गेल्यावरच भिंगरीला कळलं. दादाने खुशीत काठी हवेत उडवली, झेलायची राहिली, आणि उरलेलं गाणं एका काठीवर निभावलं.

कार्यक्रम संपल्यावर आई पहिल्या रांगेतच बसून होती. "छान झालं गं. फक्त मधलं ते आपलं विसरलीस."

"आई, ती चूक होती."

"असेल. मला आता तसंच येतं." आणि ती ठेचेसकट गुणगुणू लागली.

भिंगरीला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ती खुर्ची ओढून आईशेजारी बसली.

"थांब. सुरुवातीपासून नको. मधले चारच सूर म्हण. हळू. अजून हळू."

"अगं, एवढ्या हळू जीव जाईल माझा!"

"नाही जात," भिंगरी म्हणाली.