प्रस्थान ठेवलेली पिशवी

आमच्या वडिलांना, अण्णांना, पंचांग विचारल्याशिवाय शिंकायचीही चोरी होती. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तर त्यांनी साऱ्या बसवनगुडीच्या मुहूर्तांचा मक्ताच घेतला होता. हे घरच्यांवर चालत होतं तोवर ठीक होतं. वासिफवर चाललं, याचा राग मला अजून येतो.

वासिफ आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. पॅलेस्टाइनचा मुलगा, हेब्बाळच्या शेतकी कॉलेजात शिकायला आलेला. पहिल्या वर्षी अण्णा त्याचं पान ओसरीवर वेगळं मांडायला लावत. तिसऱ्या वर्षी तो स्वयंपाकघरात पाटावर बसून सारात चिंच जास्त झाली म्हणून माझ्याशी भांडत असे. मला अक्का म्हणायचा, आणि आमची कानडी मिसळलेली मराठी आमच्याहून झोकात बोलायचा.

दरवर्षी त्याच्या घरून कुणाबरोबर तरी तेलाचा पत्र्याचा डबा यायचा. जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं तेल, हिरवट, घशाला किंचित झोंबणारं. आम्हाला ते औषधांच्या दुकानातल्या छोट्या बाटलीपुरतं ठाऊक, बाळाच्या अंगाला चोळायचं. तो त्यात पोळी बुडवून खायचा. अण्णा ते गुडघ्यांना लावायचे, तेव्हा बिचारा तोंड फिरवून घ्यायचा. त्या तेलावरच वासिफचं घर चालायचं. त्याची फीसुद्धा त्यातूनच आलेली.

झाडं त्याच्या आजोबांच्याही आजोबांनी लावलेली. वासिफ लहान असताना तिकडे लढाई झाली आणि सरहद्द नेमकी त्यांच्या मळ्यातून गेली. घर आणि थोडी झाडं अलीकडे राहिली, बाकीची तारेपलीकडे. फळं उतरवायच्या दिवसांत त्याचे वडील तारेपाशी जाऊन उभे राहत. त्यांच्या झाडांची फळं दुसरेच कुणी उतरवत असायचे.

"त्या वेळी जीव वाचवायला आम्ही मामाकडे पळालो होतो," वासिफने मला एकदा सांगितलं. "परत आलो तर शेतात तार. तेव्हापासून बाबांचं एकच सांगणं. पुन्हा काही झालं तर झाडांपाशी आपलं माणूस पाहिजे. आता ते थकलेत अक्का. ते माणूस म्हणजे मी."

सदुसष्टच्या मे महिन्यात त्याची परीक्षा संपली. मुंबईहून बसऱ्याच्या बोटीने जायचं, पुढे मोटारीने घर गाठायचं असं त्याने ठरवलं. पेपरात रोज तिकडच्या फौजांच्या बातम्या येत होत्या. मी त्या मुद्दाम मोठ्याने वाचत असे. अण्णा म्हणत, "पेपरवाल्यांना दुसरं काम नको?" पण वासिफच्या निघण्याचा दिवस ऐकताच त्यांनी पंचांग काढलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"व्यतीपात आहे. या दिवशी घर सोडायचं नाही."

"अण्णा, मला जायलाच पाहिजे."

"जा की! नको कोण म्हणतं? स्वल्प थांब, पुढच्या बोटीनं जा. गुरुवारी तुझं प्रस्थान ठेवून टाकू. सरी, ठीक ना?"

प्रस्थान ठेवायचं म्हणजे चांगल्या मुहूर्तावर प्रवाशाची एखादी वस्तू शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तूने उंबरा ओलांडला की प्रवास सुरू झाला, असं धरतात. खरं तर माणसानेही मग लवकरच निघायचं असतं, पण अण्णांनी ते पुढच्या बोटीपर्यंत ताणलं. आणि ती वस्तू परत घरात आणायची नाही. आणली की प्रवास मोडला.

वासिफने कापडी पिशवीत दोन वस्तू घातल्या. तेलाचा रिकामा डबा, घरी नेऊन पुन्हा भरायला. आणि चिक्कपेटेच्या बाजारात वडिलांसाठी घेतलेली छाटणीची करवत. अण्णांनी पिशवीच्या कोपऱ्याला हळकुंड-सुपारी बांधली आणि समोरच्या अंबूबाईंच्या कोनाड्यात ती स्वतः नेऊन ठेवली.

"पिशवी निघाली म्हणजे माणूस निघालं," ते म्हणाले.

वासिफ हसला, पण त्याला ते पटलेलं नव्हतं. त्याला टायफॉइड झाला तेव्हा अण्णा त्याच्या उशापासून हलले नव्हते; त्यांचा शब्द मोडणं त्याच्याने होईना. मी मात्र अण्णांशी भांडले. "तिकडे तोफा येतायत आणि तुम्ही सुपाऱ्या बांधताय!" अण्णांनी आठ दिवस माझ्याशी अबोला धरला.

ठरलेली बोट त्याला सोडून गेली. त्या दिवसांत तो कशालाच हात लावीना. ओसरीवर बसून अंबूबाईंच्या खिडकीकडे बघत राहायचा. घरात कुणी आजारी असल्यासारखे आम्ही सगळे हळू बोलत होतो.

पुढची बोट सुटायच्या आतच, जूनच्या पहिल्या सोमवारी, रेडिओने लढाई सुरू झाल्याचं सांगितलं. आठवड्यात ती संपलीही, आणि वासिफचं अख्खं गाव तारेपलीकडच्यांच्या ताब्यात गेलं. वडील जिवंत आहेत एवढा निरोप आला. रस्ते बंद होते. तरी अण्णा म्हणत राहिले, "फळं उतरवायच्या आत पोचशील बघ. तुझं प्रस्थान ठेवलंय."

दसऱ्याच्या सुमाराला अम्मानहून त्याच्या ओळखीचा एक जण आला. तो सांगून गेला की गावात संचारबंदी लावून नव्या सरकारने घरोघर माणसं मोजली. जो घरात सापडला तो तिथला. जो बाहेर होता तो तिथला नाही, त्याला परत येता येणार नाही. वडील आहेत तोवर झाडं आहेत. त्यांच्यामागे ती बेवारस.

वासिफ रस्ता ओलांडून अंबूबाईंकडे गेला आणि पिशवी घेऊन आला. अण्णा दारात आडवे हात धरून उभे राहिले.

"आत आणू नकोस, बाळा. प्रवास मोडेल."

"पिशवी निघाली म्हणजे माणूस निघालं, असं तुम्ही म्हणाला होता अण्णा," वासिफ म्हणाला. आवाज अगदी शांत होता, म्हणूनच मला भीती वाटली. "मोजणाऱ्यांना ते कुणी सांगितलं नाही."

त्याने उंबऱ्याबाहेरूनच डबा काढून माझ्या हातात दिला. "याला खाली भोक पाड अक्का. तुळस लावायला होईल."

डब्याला अजून त्या तेलाचा वास होता. मला रडू आवरेना. अण्णांनी माझ्या हातातून डबा ओढून घेतला, त्याच्याकडून पिशवी घेतली आणि डबा परत आत घातला. त्या ओढाताणीत सुपारीची गाठ सुटली. ती त्यांनी दातांनी आवळली. मग अनवाणीच रस्ता ओलांडून त्यांनी पिशवी पुन्हा अंबूबाईंच्या कोनाड्यात ठेवली.

दिवाळीला अंबूबाईंनी घराला चुन्याचा हात दिला. तेवढा कोनाडा सोडून.