माया आत, माया बाहेर

शिवणकामाच्या कारखान्यात, कापड कापायच्या टेबलावर आत्याची तीस प्रश्नांची सराव-पत्रिका पसरली होती. एकोणीस उत्तरं बरोबर, दोन प्रश्न कोरे, नऊ चूक. भाचीने पुन्हा मोजलं. तेवढीच.

आत्याला पॅटर्न, म्हणजे कपडे बेतायचे कागदी साचे, बनवण्याच्या पदविकेला जायचं होतं. प्रवेश परीक्षेत गणिताला तीसपैकी चोवीस हवे होते, आणि वय चाळीसच्या आत. तिला चाळीस पूर्ण व्हायला पाच महिने होते, परीक्षेला सोळा दिवस. सतरा वर्षं ती दुसऱ्यांनी आखलेल्या रेघांवर कात्री चालवत आली होती. एकदा तरी रेघ आपली असावी, एवढंच तिचं म्हणणं.

"मास्तरीणबाई, तोंड का पाडलंय? नापास मी झालेय," आत्या डबा उघडत म्हणाली.

"या वयात पोरीकडून पाढे शिकतेय," पलीकडून इस्त्रीवाले काका म्हणाले.

"शिकते ना. तुम्ही म्हणा बरं एकोणतिसाचा!"

काकांनी घाईघाईने इस्त्रीची वाफ सोडली.

भाची नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आली होती. चुका दिसल्या की त्या कोणत्या बाजूला झुकतात हे बघायची तिला खोडच होती. तिने नऊ उत्तरं खऱ्या उत्तरांशेजारी मांडली. नऊच्या नऊ मोठी. नाणं नऊदा उडवावं आणि दरवेळी छापाच पडावा, तसं. पाचशे बारात एकदा घडणारी गोष्ट.

"आत्या, बाग बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद. आतल्या बाजूने, कडेकडेने एक मीटरची वाट. वाटेचं क्षेत्रफळ तू चव्वेचाळीस काढलंस. छत्तीस येतं. तू वाट बाहेरून धरलीस."

"मग? माया कधी आतून सोडतात का?"

माया म्हणजे शिवणीसाठी कडेने जादा ठेवायचं कापड. भाचीने पुढची चूक पाहिली. दोरीचे सात तुकडे करायला सहा काप पुरतात. आत्याने सात लिहिले होते.

"आधी टोक सरळ कापून घ्यायला नको?" आत्या म्हणाली.

"परीक्षेतल्या दोरीचं टोक सरळच असतं गं."

"कुठल्या दुकानातली म्हणे ही दोरी?"

भाचीला हसू आवरेना. पण सतरा वर्षांची सवय सोळा दिवसांत सोड, असं हिला कोणत्या तोंडाने सांगायचं? ती बरोबर उत्तरं चाळू लागली आणि एकापाशी थबकली. चौरसात बसवलेला गोल, त्या गोलात बसवलेला चौरस. आतला बाहेरच्याच्या किती पट? तिला स्वतःला सहा ओळी लागल्या होत्या, वर्गमुळासकट. आत्याच्या कागदावर एक अक्षर नव्हतं. शेजारी फक्त चार घड्या पडलेला कागदाचा चौकोनी तुकडा.

"हे कसं काढलंस?"

"आतला फिरवला. त्याची टोकं बाहेरच्याच्या बाजूंच्या मधोमध आली. आता बाहेरचे चार कोपरे आत दुमड. झाकला ना पुरता? म्हणजे बाहेरचा दोन थरांचा. आतला निम्मा."

"आणि गोल?"

"तो कच्चा टाका. दोघांना जागेवर धरायला घातलेला. काम झालं, उसवला."

भाची त्या कागदाकडे बघतच राहिली. तीन वर्षं फळ्यावर तिने असे कितीतरी गोल पाहिले होते. ते उसवता येतात, हे कुणी बोललं नव्हतं.

"आत्या, सवय सोडू नकोस," ती सावकाश म्हणाली. "प्रत्येक प्रश्न सोडवायच्या आधी फक्त समासात लिही, माया आत, बाहेर, की नाहीच."

"एवढंच? हे तर गिऱ्हाइकालाही विचारावं लागतं."

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत रोज दहा प्रश्न होऊ लागले. आत्या समासात एकच अक्षर टाकायची, मगच आकड्यांना हात लावायची. कधी 'ना' लिहूनही बोटं सवयीने एक जादा धरायची, मग ती स्वतःलाच दटावायची, "अगं, तयार माल आहे हा!" काकाही इस्त्री थांबवून विचारू लागले, "ही कुठली? आतली?"

परीक्षेनंतर दोन दिवसांनी उत्तरतालिका लागली. भाचीने टेबलाशी उभं राहून एकेक उत्तर पडताळलं, मग सगळी पुन्हा एकदा.

बरोबर सत्तावीस. चूक तीन: दोन उत्तरं खऱ्यापेक्षा मोठी, एक लहान.