चार दातांची कवळी

मी कवळी बोलतेय. हसलात ना? हसा. माझ्याकडे बघून हसायची लोकांना सवयच आहे, आणि ती सवय कशी लागली तेच मला आज सांगायचं आहे.

मी काही अख्खी कवळी नाही. वरच्या जबड्यातले पुढचे चार दात, त्यांना धरून ठेवणारी गुलाबी टाळू आणि दोन बाजूंना दोन तारेचे आकडे, एवढाच माझा संसार. कॅनडातल्या सास्काचुआन प्रांतातल्या आमच्या शहरात एका चिडखोर दंतवैद्याने मला घडवलं. दातांचा रंग जुळवताना तो ओरेस्टला म्हणाला होता, "फार पांढरे नको करूया. तुझे उरलेले दात लाजतील."

ओरेस्ट हा माझा मालक. यॉर्कटनजवळच्या एका युक्रेनी वस्तीतला शेतकऱ्याचा मुलगा, बर्फावरच्या हॉकीत बचावाला खेळायचा. बचाववाल्याचं काम म्हणजे गोल करणाऱ्याची वाहवा ऐकायची आणि गोलकडे येणारी कडक रबरी चकती अंगावर झेलायची. पहिल्याच हंगामात त्याने ती तोंडावर झेलली. चार दात बर्फावर सांडले, सामना जिंकला आणि मी जन्माला आले. क्लबचं नाव मी घेणार नाही. त्याचं नाव सगळीकडे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतंच.

आमच्या ड्रेसिंग रूममध्ये एक रीत होती. सामन्याआधी सगळ्यांनी आपापल्या कवळ्या काढायच्या आणि कागदी कपात टाकायच्या. कपावर पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असायचं. विल्फ नावाचा म्हातारा होता. खेळाडूंची दुखणीखुपणी, बूट, काठ्या सगळं बघायचा, तोच हे कप फळीवर ओळीने मांडायचा. सामना संपला की अंघोळीआधी दात तोंडात, मग बायकांकडे आणि पत्रकारांकडे जायचं. सामना चालू असताना फळीकडे कुणी फिरकायचं नाही.

माझ्या शेजारचा कप रेआलचा. रेआल हा ग्रॅव्हलबर्ग गावचा फ्रेंच, ओरेस्टचा बचावातला जोडीदार. सात वर्षं दोघे एकत्र बर्फावर उतरत आणि एकत्र परत येत. रेआल कमी बोलायचा. ओरेस्टची जीभ मात्र कधी गप्प बसायची नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सूर्यफुलाच्या बिया चघळत तो बसभर नकला करायचा. बियांची टरफलं माझ्याखाली अडकायची आणि मला त्याचा संताप यायचा, पण नकला झकास असायच्या. रेआल खिडकीशी बसून डोळे पुसत हसायचा आणि म्हणायचा, "लेका, तू खेळ सोड आणि रेडिओवर जा."

आणि मग शहाऐंशीच्या वसंतातला तो सामना आला. हरलो तर हंगाम संपला, जिंकलो तर अंतिम फेरी. तीन भागांच्या त्या सामन्यात दुसऱ्या भागात एका धिप्पाड गड्याने रेआलला पाठीमागून कठड्यावर आदळलं. कठड्याच्या काचेवर डोकं आपटल्याचा आवाज मला फळीवर ऐकू आला, असं मी म्हणणार नाही. माझ्यापर्यंत आला तो रेआलच.

मधल्या सुट्टीत तो सरळ फळीकडे आला. त्याच्या लेखी सामना संपला होता. त्याने कप उचलला, पण आपला नाही, ओरेस्टचा. मला काढलं आणि तोंडात कोंबलं. त्याचा जबडा अरुंद, माझे आकडे त्याच्या हिरड्यांत रुतले, रक्त आलं. तरी तो मला अंगठ्याने वर दाबत राहिला. त्याची जीभ माझ्यावरून फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती. हे आपलं नाही, एवढं तिला कळत होतं. त्याला कळत नव्हतं. तेवढ्या दोन मिनिटांत मला जी भीती वाटली, ती पुढे कधी वाटली नाही.

"ए, बघा बघा! रेआलने ओरेस्टचे दात घातले!" कुणीतरी ओरडलं.

ड्रेसिंग रूम हसून हसून लोळली. रेआल त्यांच्याकडे बघत उभा, ओठ फाकलेले, मी अर्धी बाहेर. तो अंगातला सदरा काढायला लागला. "जिनेट बाहेर वाट बघत असेल," म्हणाला. जिनेट त्याची बायको. ती त्या दिवशी गावीच होती, दोनशे मैल लांब.

क्लबचे डॉक्टर आले. त्यांनी रेआलच्या नाकाशी झोंबरं औषध धरलं आणि ओरेस्टकडे वळले. "तू याच्या शेजारी असतोस. मस्करी करतोय की खरंच लागलंय?"

कोच दारातच उभा होता. बचावातले दोघे आधीच जायबंदी झाले होते. रेआल बाहेर बसला तर ओरेस्टला एका नवशिक्याबरोबर खेळावं लागणार होतं. ओरेस्टने रेआलच्या डोळ्यांत पाहिलं. चांगलं रोखून पाहिलं.

"मस्करी करतोय," तो म्हणाला. "मी ओळखतो ना त्याला. ठीक आहे तो."

विल्फने मला रेआलच्या तोंडातून ओढून काढलं, नळाखाली धरलं आणि कपात टाकलं. डॉक्टरांचा प्रश्न त्यानेही ऐकला होता, पण तो काठ्या आवरायला निघून गेला. तिसऱ्या भागात रेआल पुन्हा बर्फावर उतरला. दोनदा पडला. दुसऱ्यांदा दोघांनी धरून बाहेर आणला. आम्ही सामना जिंकलो.

सामन्यानंतर ओरेस्टने मला तोंडात बसवलं आणि कॅमेऱ्यांसमोर गेला. कुणीतरी काहीतरी मजेशीर विचारलं, आणि त्याने पहिल्यांदा तो किस्सा सांगितला: जोडीदाराने माझेच दात घातले, मग मी शिव्या कशा देणार! पत्रकारांच्या पेन्सिली थांबल्या, इतके ते हसले. आठवड्याभरात त्याला टीव्हीवर बोलावणं आलं. चार वर्षांनी गुडघे गेले तेव्हा क्लबच्या वाहिनीवर समालोचकाची खुर्ची तयारच होती. गडी बोलायला पटाईत, शिवाय तो कवळीचा किस्सा याच्याकडेच.

बावीस वर्षं मी त्याच्या बरोबर त्या खुर्चीत बसले. मी नसते तर त्याच्या प्रत्येक शब्दातून वारा गेला असता. तो खेळाडू असताना मी काढून ठेवायची वस्तू होते, समालोचक झाल्यावर मी रोजगाराचं अवजार झाले. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटायचा. बचावाचं काम लोकांना त्याच्याइतकं सोपं करून कुणी सांगत नसे. पण दर हंगामात दोनदा-तीनदा तो किस्सा यायचा. दरवर्षी त्याला नवं तिखटमीठ लागायचं. रेआलच्या फ्रेंच हेलाची नक्कल आली, सदरा काढणं आलं, बायकोची वाट बघणं आलं. डॉक्टरांचा प्रश्न तेवढा कधी आला नाही.

रेआल आणखी दोन हंगाम खेळून गावी गेला. लहान मुलांना खेळ शिकवायचा. आधी मुलांची नावं विसरायला लागला, मग घरचा रस्ता. एकदा हॉकीच्या रिंकच्या पायऱ्यांवर बसून रडताना लोकांनी पाहिलं. गावाने निकाल देऊन टाकला: दारू. मुलांच्या आईबापांनी त्याला शिकवायला येऊ नकोस म्हणून सांगितलं.

जिनेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली तो दिवस मला लख्ख आठवतो. ओरेस्टने कॉफी ओतली, तिने कपाला हात लावला नाही.

"तो पीत नाही, ओरेस्ट. नाताळला अर्धा ग्लास घेतो आणि खुर्चीतच झोपतो. आणि दुकानात बायका मला विचारतात, हल्ली कमी केली का गं त्याने?"

"लोकांना दुसरा उद्योग काय आहे!"

"लोकांचं राहू दे, तुझं बोल. तो किस्सा सांगतोस ना, तो एकदा पुरा सांग. शेवटपर्यंत."

"जिनेट, पंचवीस वर्षं झाली त्याला."

"डॉक्टरांनी कुणाला विचारलं आणि कोण काय म्हणालं, ते विल्फने मरायच्या आधी मला सांगितलंय." तिचा आवाज चढला नाही. "मी भांडायला आले नाही. तुला शिव्या द्यायच्या असत्या तर फोनवर दिल्या असत्या, पेट्रोल तरी वाचलं असतं. त्याला लागलं होतं, एवढं लोकांना कळू दे. तुझं ऐकतात सगळे. माझं कोण ऐकतंय?"

ओरेस्टने तिची गार झालेली कॉफी ओतून टाकली. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात जुन्या संघाचा सत्कार आहे. रेआलला घेऊन ये. मी तेव्हा सांगतो. शब्द देतो तुला."

त्याच्या मनात खरंच होतं. सत्काराच्या दिवशी गाडीत त्याने तीनदा सराव केला. "डॉक्टरांनी मला विचारलं, आणि मी खोटं बोललो." प्रत्येक शब्द माझ्यावर आपटून बाहेर पडत होता. तिसऱ्यांदा तर आवाजही कापला नाही. मला वाटलं, सुटलो आपण.

बर्फावर लाल गालिचा पसरला होता. जुने खेळाडू एकेक करून येत होते. रेआल जिनेटचं कोपर धरून आला, अंगात जुना सदरा, गळ्याशी सैल झालेला. ओरेस्ट वर समालोचनाच्या खोलीत होता आणि त्याचं बोलणं त्या दिवशी रिंकभर ऐकवत होते. त्याचा जोडीदार समालोचक केल्विन म्हणाला, "चला ओरेस्टराव, रेआल समोरच उभाय. होऊन जाऊ द्या ती कवळीची गोष्ट!"

ओरेस्टने सुरुवात केली. कप आला, फळी आली, सदरा आला. लोक हसायला लागले. "मग डॉक्टर आले," तो म्हणाला, आणि थांबला.

जीभ माझ्यामागे येऊन टेकली होती. आता, मी म्हटलं. आता बोल, बाबा. बारा हजार लोक वाट बघत होते, आणि केल्विन आधीच खुदुखुदु हसायला लागला होता.

"मग डॉक्टर आले आणि म्हणाले, अरे, याच्या तोंडात दात दुसऱ्याचे, मग हसू कुणाचं!"

छप्पर उडेल असं हसले लोक. सगळे हसताहेत हे पाहून रेआलही हसला आणि हात हलवायला लागला. जिनेट हसली नाही. ती मान वर करून आमच्या खोलीकडे बघत राहिली, पुढच्या खेळाडूचं नाव पुकारलं गेलं तरी बघत राहिली. मला थुंकून टाकलं असतं त्याने तर बरं झालं असतं.

वर्षभरात ओरेस्टने हाडात स्क्रूने बसवायचे दात करून घेतले. क्लबला मी हवीच होते. रिंकच्या प्रवेशदालनात काचेची पेटी केली, खाली मखमल, वर दिवा. शेजारी छापील कार्ड आहे: "हीच ती कवळी! रेआलने चुकून ओरेस्टचे दात घातले आणि संघाला हसवून हसवून जिंकवलं." बाप पोरांना उचलून मला दाखवतात. पोरं ओठ दुमडून बोळक्याची नक्कल करतात.

रेआल मागच्या जानेवारीत गेला. झाडूवाल्या बायका बोलत होत्या, त्यातून कळलं. शवपेटीला खांदा द्यायला ओरेस्ट गेला होता म्हणे, आणि फार रडला म्हणे. रडला असेल. त्याला कुणी अडवलं होतं?

त्यानंतर जिनेट यायला लागली. सामन्याच्या दिवशी सकाळी तिकीट खिडकी उघडते तेव्हा दालनात शिरता येतं. ती येते, हातमोजे काढते, पर्समधून एक चिठ्ठी काढते आणि हॉकीच्या काठीला गुंडाळतात त्या पांढऱ्या पट्टीने कार्डावरच्या काचेवर चिकटवते. "तो मस्करी करत नव्हता. त्याला लागलं होतं." बस, एवढंच. माझ्याकडे एकदा बघते आणि जाते. मला तिची माफी मागायची असते, पण तोंडाशिवाय कवळीने बोलायचं कसं?

ओरेस्टला समालोचनाच्या खोलीकडे जायला याच दालनातून जावं लागतं. तो दुपारी चारला येतो, प्रेक्षकांना आत सोडायच्या आधी. पहिल्या दिवशी चिठ्ठी वाचून तो तिथेच खिळला. इकडेतिकडे पाहिलं. मग नखाने पट्टी खरवडली, चिठ्ठीची घडी केली आणि कोटाच्या खिशात घातली. आता तो वाचायलाही थांबत नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, मला हात नाहीत तरी. आमच्या शहरात कधी आलात, मला बघायची हौस वाटली, तर सामन्याच्या दिवशी सकाळीच या. चारनंतर आलात तर फक्त कार्ड वाचायला मिळेल.