बदलाचं कारण

विरूपाक्ष आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन पुन्हा लावला. पलीकडे नुसतीच रिंग वाजत राहिली.

"मन्मथ उचलून नाही राहिला," ते म्हणाले. "निलंग्याला गेलाय, बहिणीकडं."

त्यांची मुलगी महानंदा शेजारच्या खुर्चीवर बसून भाकरीचा डबा उघडत होती. ती हैदराबादहून चार दिवसांसाठी आली होती. उदगीरच्या या लहानशा कॉम्प्युटर दुकानातला सर्व्हर, कोणत्या गल्लीत पाण्याचा टँकर केव्हा येणार, याचे मेसेज लोकांना पाठवायचा. दुष्काळ लांबला तसं व्यापाऱ्यांच्या सेवा मंडळानं हे काम आप्पांकडे दिलं होतं. टँकरच्या सगळ्या वेळा एका फाइलमध्ये असत. नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी रोज सकाळी रास्ता रोको चालू होता, म्हणून उद्यापासून टँकर संध्याकाळी येणार होते. आप्पांनी फाइल तशी बदलली होती.

"मी बघू का, आप्पा?"

"राहू दे. तू जेव."

दुकानातला नियम तिला ठाऊक होता. एकानं बदल करायचा, कारण लिहायचं, दुसऱ्यानं वाचून हो म्हटलं की मगच तो सर्व्हरवर चढवायचा. कुणी, केव्हा आणि का बदललं हे जपून ठेवणारी ही गिटची पद्धत गेल्या दिवाळीत तिनंच आप्पांना शिकवली होती. पण दुसरा माणूस म्हणजे मन्मथ. दुकानातला मदतनीस, तिच्याच वयाचा. तोही त्यांना आप्पाच म्हणायचा.

थोडा वेळ वाट पाहून आप्पांनी बदल तसाच चढवला. नियम मोडला, पण बदल तिला वाचायला दिला नाही.

"मन्मथ असता तर घास गोड लागला असता तुम्हाला," ती म्हणाली.

"लई तिखट बोलतीस," आप्पा हसले. "ठेचा कमी खात जा."

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा झोपेतच गेले.

मातीच्या वेळी मन्मथ सगळ्यांच्या पुढे होता. तो मोकळेपणानं रडला. लोक त्याच्या पाठीवर हात ठेवत होते. तिच्याही ठेवत होते, पण आधी त्याच्या. निदान तिला तसं दिसलं.

तिसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या भामाबाई भेटायला आल्या. रडून झाल्यावर पदर सारखा करत म्हणाल्या, "तीन दिसानं आमची पाळी आली व माय. आज सकाळी सहाला टँकर येणार म्हून मेसेज. दुपार झाली तरी सगळी गल्ली घागरी मांडून उन्हात. टँकरचा पत्ता न्हाई. आप्पा असते तर झालं असतं का असं? त्या मन्मथाला काय कळतंय!"

महानंदानं त्यांना आग्रह करून आणखी अर्धा कप चहा दिला. मग चप्पल घालून ती थेट दुकानात गेली.

"आप्पांना जाऊन तीन दिवस होत नाहीत, तोवर गल्ली उन्हात बसवलीत तुम्ही."

"हाव ताई," मन्मथ खुर्चीवरून उठत म्हणाला. "आत्ताच कळलं. तेच बघून राहिलो."

तिनं कीबोर्ड स्वतःकडे ओढला. फाइलचा इतिहास उघडताना तिची बोटं भराभर चालत होती. मागच्या गल्लीच्या ओळीपुढे मन्मथचं नाव तिला डोळ्यांनी पाहायचं होतं.

नाव विरूपाक्ष असं होतं. संध्याकाळचे सहा म्हणजे सर्व्हरसाठी अठरा. बाकीच्या गल्ल्यांच्या वेळा बरोबर होत्या. या एका गल्लीपुढे आप्पांनी नुसतं सहा लिहिलं होतं.

"लोकांना माझीच चूक वाटू द्या," मन्मथ म्हणाला. "गेलेल्या माणसाला कशाला? मला सवय हाय शिव्यांची."

"मग इथंही तुमचंच नाव टाका. बदलता येतं."

"येतं. पण इथं न्हाई. आप्पांना चाललं नसतं." त्यानं पडद्यावरच्या नावाकडे बोट केलं. "मी रोज त्यांच्या चुका काढायचो. म्हणायचो, आप्पा, आज गाव तहानेनं मारलं असतंत. लई हसायचे."

महानंदानं टेबलावरची धूळ बोटानं पुसली.

"मला का नाही दाखवलं कधी?"

मन्मथ हळू आवाजात म्हणाला, "दिवाळीत तुम्ही त्यांच्या चुका गुपचूप नीट केल्या होत्या. त्यांच्याच नावानं. त्यांना मागून कळलं. म्हणले, पोरगी मला बोलत न्हाई. ताटातला खडा हळूच काढून घेती. मी काय पावणा हाय का तिच्या घरी?"

रस्त्यावरून रिकामी पिंपं घेऊन एक हातगाडा खडखडत गेला.

तिनं सहाच्या जागी अठरा केलं. खाली बदलाचं कारण विचारणारी रिकामी ओळ उघडली. मन्मथ वाचायला शेजारी येऊन बसला. तिनं दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

"चुकलात तुम्ही, आप्पा," ती मोठ्यानं म्हणाली. आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. "बायका दुपारपर्यंत उन्हात बसल्या. मी इथंच होते. मला दाखवायचं होतं ना."